मोडलेला टेलिव्हिजन

पडद्यावरील अद्भुत : लेखांक सातवा

दूरदर्शनवरील ‘होनी-अनहोनी’ या मालिकेची हकिगत मागील लेखांकात येऊन गेली. अशा अद्भुत कथांनी अंधश्रद्धेस खतपाणी मिळते म्हणून लोकविज्ञान संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी, तेथे प्रक्षेपणास तात्पुरती मनाई मिळावी, आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उठवताना, नागरिकाचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य दूरदर्शनच्या पडद्यापर्यंत पोहोचते असा दाखला घालून द्यावा, हा सारा क्रम नांदेड-लातूरच्या चौकस वाचकांस परिचित झाला आहे. आज ज्या मालिकेचा विचार करावयाचा, तिचे प्राक्तन नेमके उलटे होते. चालू मालिका थांबवा, अशी येथील काही नागरिकांची मागणी होती. थांबवलेली मालिका चालू करा, असा अमेरिकेतील प्रेक्षकांचा तगादा होता.

डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट या जोडीची ‘ट्विन पीक्स’ ही मालिका ८ एप्रिल १९९० रोजी अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर सुरू झाली, आणि पहिल्याच रात्री सुमारे साडेतीन कोटी लोकांनी ती पाहिली. वॉशिंग्टन राज्यातील एक कल्पित गाव, तेथील लाकूडगिरणी, भोवती घनदाट अरण्य, आणि पाण्याकाठी प्लास्टिकात गुंडाळलेले लॉरा पामर या शाळकरी मुलीचे प्रेत, एवढ्या सामग्रीवर कथेचा आरंभ झाला. खून कोणी केला, हा वरवरचा प्रश्न. लातूरच्या गंजगोलाईत मधल्या जगदंबेच्या मंदिराभोवती पेठ वसलेली आहे आणि तेथून सोळा रस्ते सोळा दिशांस फुटतात; त्याप्रमाणे या एका प्रश्नाभोवती सारे गाव वसलेले होते, आणि व्यापार, व्यभिचार, मैत्री, स्वप्ने, पिशाच्चे असे नाना रस्ते तेथून निघत होते. मधले देऊळ उचलून नेले तर भोवतीची पेठ कशाच्या आधाराने उभी राहावी? परंतु वाहिनीच्या कारभाऱ्यांना उत्तराची घाई झाली होती, लेखकांची मात्र ते उत्तर शक्य तितके लांबवावे अशी इच्छा होती, आणि ज्याच्या हाती पैसा त्याचा हुकूम चालतो या सार्वत्रिक न्यायाने १० नोव्हेंबर १९९० च्या भागात खुनी उघड करण्यात आला. पुढे जे व्हावयाचे ते झाले. प्रेक्षक ओसरले, शनिवार रात्रीच्या गैरसोयीच्या वेळेने उरलेसुरले पांगले, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये मालिका बेमुदत तहकूब झाली. चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडल्यावर उरलेले भाग दाखवण्यात आले खरे. पण १० जून १९९१ रोजी शेवटचे दोन भाग एकाच रात्री उरकून वाहिनीने आपले दप्तर बंद केले. तीस भागांची ही मालिका जेथे थांबली, तेथे खुनाचा तपास करणारा नायक डेल कूपर तांबड्या पडद्यांच्या परलोकात अडकून पडला होता आणि त्याचे रूप धारण केलेली दुष्ट शक्ती त्याच्या खोलीतील आरशासमोर उभी होती.

अशा स्थितीत चित्रपट निघणार म्हटल्यावर, अडकलेला कूपर सुटणार, ही अपेक्षा प्रेक्षकांनी धरली तर त्यांस दोष कसा द्यावा? लिंचने मात्र ‘फायर वॉक विथ मी’ या चित्रपटात पुढे जाण्याचे नाकारून मागे जाण्याचे ठरवले, आणि लॉराच्या मृत्यूपूर्वीच्या सात दिवसांची कथा हाती घेतली. फ्रॉस्ट या लेखनात नव्हता. पटकथा लिंचने रॉबर्ट एंगेल्स यांच्याबरोबर लिहिली. पैसा एका फ्रेंच संस्थेचा होता. कूपरचे काम करणाऱ्या काइल मॅक्लॉक्लनने आपली भूमिका आखडून घेतली, आणि लॉराच्या जिवलग मैत्रिणीच्या जागी नवी नटी घ्यावी लागली. आरंभीच्या श्रेयनामावलीच्या वेळी पडद्यावर निळसर मुंग्यांचा नाच दिसत राहतो, आणि तो टेलिव्हिजनच्या संचाचा आहे हे आपल्या ध्यानात येते न येते तोच त्या संचावर घाव बसून त्याचे तुकडे होतात. वाहिनीशी झालेला हिशेब इतक्या रोखठोकपणे चुकता करणारा दुसरा दिग्दर्शक मला तरी आठवत नाही.

शेवट ठाऊक असलेली कथा पाहावयास कोण बसणार, ही शंका आपल्याकडे उपस्थित होण्याचे कारण नाही. माहूरच्या रेणुकेचा गोंधळ ऐकणारा माणूस कथेच्या शेवटासाठी रात्र जागवीत नसतो. तथापि येथे शेवट ठाऊक असणे हीच यातना होते, कारण मालिकेत जी केवळ प्रेत होती ती मुलगी आता बोलते, हसते, भिते. शेरिल ली या सिएटलच्या रंगभूमीवरील नटीस प्रारंभी निव्वळ प्रेत म्हणून पडून राहण्यासाठीच नेमले होते. तिच्या मुद्रेचा प्रभाव पाहून लिंचने मालिकेत तिच्यासाठी लॉराच्या नात्यातल्या बहिणीची भूमिका काढली, आणि चित्रपटात तर सारा भार तिच्याच खांद्यांवर टाकला.

एकच प्रसंग जवळून पाहू. रात्रीच्या जेवणाची वेळ आहे. मुलगी हात न धुता मेजावर बसली म्हणून बाप तिला हटकतो, तिचा हात आपल्या हातात घेतो, आणि एका बोटाच्या नखाखालचा मळ न्याहाळू लागतो. हात धुऊन ये, हे वाक्य कोणत्या घरात उच्चारले जात नाही? पण मालिकेच्या पहिल्या भागात कूपरने प्रेताच्या नखाखालून चिमट्याने कागदावरचे एक इवलेसे अक्षर काढले होते आणि पुढे खुनी हा बापच निघाला होता, हे ज्यास आठवते, त्याला बापाच्या या न्याहाळण्याचा अर्थ कळतो आणि घास घशाखाली उतरत नाही. आई नको नको म्हणते. तिच्या म्हणण्याला त्या घरात किंमत नाही. या प्रसंगात भूत नाही, धूर नाही, किंकाळी नाही.

माझ्या मते चित्रपटाचे खरे सामर्थ्य येथेच आहे. मालिकेत खुनी बापाच्या अंगात ‘बॉब’ नावाचे पिशाच्च संचार करीत होते, आणि त्या योगे बाप बराचसा निर्दोष सुटला होता. नारायण धारपांच्या ‘समर्थ’कथांवर वाढलेल्या मराठी वाचकास ही व्यवस्था मानवणारी आहे, कारण तेथे अमंगल बाहेरून येते आणि जाणता पुरुष त्यास पुन्हा बाहेर घालवतो. ‘बाहेरचे काहीतरी आहे’, ‘लागीर झाले’, ही भाषा आपल्या खेड्यांतूनही अद्याप गेलेली नाही. आणि घरातल्या माणसाचे पाप झाकण्यास तिच्याइतके सोयीचे पांघरूण दुसरे नाही. चित्रपटात बॉब आहेच, परंतु बापाच्या डोळ्यांतील जाणीव रे वाइज या नटाने अशी दाखवली आहे की पिशाच्चाकडे बोट दाखवून तो सुटू शकत नाही. पडद्यावर भुते आणूच नयेत असा ज्यांचा आग्रह होता, त्यांचा हेतू सर्वस्वी आदरणीय. पण भुताच्या कथेने अंधश्रद्धेचीच कशी पंचाईत करावी, याचा इतका चोख पुरावा दुसरा मिळणे कठीण.

तत्कालीन जगाने हे ओळखले नाही. मे १९९२ मध्ये कान महोत्सवात समीक्षकांनी नाके मुरडली. २८ ऑगस्ट रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाल्यावर, सुमारे एक कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने तेथे जेमतेम बेचाळीस लाख मिळवले. उत्तरे मागावयास आलेल्या प्रेक्षकापुढे एका मुलीचे दुःख मांडले गेले, आणि त्याला ती फसवणूक वाटली. ही मंडळी अगदीच चुकली असे म्हणवत नाही, कारण पहिला अर्धा तास निराळ्याच गावातील निराळ्या खुनात जातो, आणि तो विनोद की विडंबन याचा उलगडा होत नाही. पुढे वारे फिरले. कापून टाकलेले प्रसंग २०१४ साली सुमारे दीड तासाच्या स्वतंत्र संकलनाच्या रूपाने बाहेर आले, आणि २०१७ साली लिंच व फ्रॉस्ट यांनी पुन्हा एकत्र येऊन अठरा भागांची नवी मालिका काढली तेव्हा तिचे कित्येक धागे या टाकून दिलेल्या चित्रपटातूनच निघाले. जानेवारी २०२५ मध्ये लिंच निवर्तला. त्या अठरा भागांचा विचार पुढील आठवड्यात करू.

तोवर ज्यांस हा चित्रपट पाहावयाचा असेल त्यांनी आधी मूळ तीस भाग पाहावेत, दुसऱ्या पर्वाच्या मध्यावर कंटाळा आला तरी नेटाने शेवटापर्यंत जावे, आणि चित्रपट लावताना घरातील मुलांना जवळ बसवू नये.