कासवाचं घर पाठीवर नसतं!

‘पाठीवर घर घेऊन कोण फिरतं?’ असं कोडं घातलं की पहिलीतली पोरंसुद्धा एका सुरात ओरडतात, ‘कासव!’ कोडं छान आहे, पण उत्तरात थोडी गडबड आहे. घर म्हटलं की त्यातून बाहेर पडता आलं पाहिजे. कासवाला आपल्या पाठीतून कधीच बाहेर पडता येत नाही. कारण ते घर नाहीच, ते त्याचं अंग आहे. त्याचा कणा आणि बरगड्या वरच्या ढालीला आतून जोडलेल्या असतात. ढालीवर बोट ठेवलं तर त्याला ते कळतंसुद्धा. म्हणजे आपल्याला जशी पाठ, तशी त्याला ढाल. मग त्याचं घर कोणतं? कुणाचं घर तळं, कुणाचं माळरान, तर कुणाचं अख्खा समुद्र.

हे सगळं सांगायचं कारण असं, की अलीकडे आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत पुष्कळ घरांत काचेच्या भांड्यात एक छोटंसं हिरवं कासव दिसू लागलंय. कुणाच्या मामाने मुंबईहून आणलेलं, कुणाला वाढदिवसाला मिळालेलं. रुपयापेक्षा थोडं मोठं, डोळ्यामागे तांबडा पट्टा. दिसायला इतकं गोड, की मुलं शाळा सुटल्या सुटल्या त्याच्याकडे धावतात. आणि बहुतेक वेळा वर्षभरात ते मरतं. ‘कासव शंभर वर्षं जगतं ना, मग आमचं का मेलं?’ हा प्रश्न मुलं वर्गात विचारतात. त्याचं उत्तर आज नीट शोधू या.

कोणतं कासव पाळायचं नाही?

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आपल्या देशातली रानातली, तळ्यातली आणि समुद्रातली कासवं पकडणं, विकणं किंवा घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव फार देखणं असतं. त्या देखणेपणानेच त्याचा घात केला. चोरटे लोक पोत्यांत आणि बॅगांत भरून ही कासवं परदेशी पाठवतात. म्हणून २०१९ साली जगातल्या देशांनी मिळून त्याच्या व्यापारावर सगळ्यांत कडक बंदी घातली. ‘तारा कासव घरात ठेवलं की पैसा येतो’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पैसा येतो तो विकणाऱ्याकडे!

कोकणातल्या विहिरींत आणि तळ्यांत मऊ पाठीचं कासव दिसतं. तेही कायद्याने संरक्षित आहे. ते जिथे आहे तिथेच बरं. पावसाळ्यात वाट चुकून अंगणात आलं तर बादलीत कोंडू नका, मोठ्या माणसांकडून वनखात्याला कळवा.

मग काचेच्या भांड्यातलं ते तांबड्या पट्ट्याचं कासव कोण? ते ‘रेड इअर्ड स्लायडर’, म्हणजे लाल कानाचं कासव. त्याचं मूळ गाव आहे अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. तिथल्या संथ पाण्यात ते पोहतं आणि ओंडक्यावर चढून तासन् तास ऊन खातं. धोका दिसला की ओंडक्यावरून सर्रकन घसरून पाण्यात उतरतं, म्हणून ‘स्लायडर’, घसरणारं.

आता आपण काय करतो बघा. नदीतल्या या प्राण्याला वाटीभर पाण्यात ठेवतो. बसायला ओंडका नाही, ऊन नाही, पोहायला जागा नाही. ते लगेच मरत नाही, कारण कासव चिवट असतं. ते हळूहळू मरतं, म्हणून आपल्याला कळतच नाही.

नवं कासव विकत आणू नका, हे माझं पहिलं सांगणं. पण ज्यांच्या घरी ते आधीच आलेलं आहे, त्यांनी काय करायचं? त्याला त्याच्यासारखं घर करून द्यायचं. घरातल्या मोठ्या माणसांना मदतीला घ्या आणि लागा कामाला.

पाण्याचं गणित

सोपा हिशेब असा: कासवाच्या पाठीच्या प्रत्येक इंचाला साधारण ३८ लिटर पाणी. पाठ तीन इंच असेल तर ११४ लिटर. भांडं किती मोठं हवं, हे चौथी-पाचवीतल्या मुलांना काढता येईल. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि पाण्याची उंची ३० सेंटिमीटर धरा. तिघांचा गुणाकार १,२१,५००. त्याला हजाराने भागलं की १२१.५ लिटर. झालं काम! महागडी काचेची पेटीच हवी असं नाही. मोठा प्लॅस्टिकचा टबही चालतो. मात्र त्याच्या कडा उंच हव्यात, कारण कासव चढण्यात पटाईत असतं. वर जाळी लावा, म्हणजे मांजर आणि कावळा दूर राहतील.

एक विसरू नका. हे कासव बशीएवढं नाही, ताटलीएवढं होतं. मादी २५ ते ३० सेंटिमीटर वाढते आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं जगते. म्हणजे तुम्ही कॉलेजात जाल, नोकरीला लागाल, तेव्हाही ते घरात असेल. तोपर्यंत त्याला चारशे लिटरच्या आसपास पाणी लागेल. तेव्हा घर वाढवत न्यायची तयारी ठेवा.

नळाचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन असतं, ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग वापरा. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं. ते नको, हा गोड्या पाण्यातला जीव आहे. कासव पाण्यातच खातं आणि पाण्यातच घाण करतं. म्हणून पाणी गाळणारं यंत्र बसवा. ते नसेल तर दर दोन दिवसांनी निम्मं पाणी बदला. खायला वेगळ्या टबात सोडलं तर मोठ्या टबातलं पाणी बरेच दिवस स्वच्छ राहतं.

बसायची जागा

घराच्या एका टोकाला पाण्यावर येईल असा कोरडा ओटा हवा आणि त्यावर चढायला उतार हवा. आपल्याकडे लगेच अंगणातला जांभ्याचा चिरा आठवतो. तो नको! जांभा खरखरीत, त्यावर घासून पोटाची ढाल सोलवटते. नदीतला गुळगुळीत सपाट दगड किंवा लाकडाची जाड फळी चांगली. तळाशी बारीक खडे टाकू नका, कासव ते गिळतं. टाकायचेच तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे टाका.

ऊन विकत मिळत नाही, पण...

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऊन. उन्हात एक किरण असतो, जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला अतिनील किरण म्हणतात. तो अंगावर पडला की कासवाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं. ड जीवनसत्त्व असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जातं. आणि कासवाची तर पाठच हाडाची! ऊन मिळालं नाही की ढाल मऊ पडते, वेडीवाकडी वाढते.

‘पण गुरुजी, आमचं कासव खिडकीतच आहे की, मस्त ऊन येतं!’ असं तुम्ही म्हणाल. खिडकी उघडी आहे का? काचेतून उजेड येतो, उष्णता येते, पण हा उपयोगाचा किरण काच अडवून धरते. म्हणून रोज सकाळी थोडा वेळ टब उघड्यावर, पडवीत किंवा गच्चीत न्या. मात्र अर्ध्या भागावर सावली हवीच. उथळ भांडं पूर्ण उन्हात ठेवलं तर पाणी तापून कासव दगावतं. आणि जवळ कुणीतरी बसा, कोकणात कावळे आणि मुंगूस काही कमी नाहीत.

उन्हाळ्यात हे जमलं. पण आपल्याकडे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आठ-आठ दिवस सूर्याचं दर्शन होत नाही. घरातली बरीच कासवं आजारी पडतात ती याच दिवसांत. तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी अतिनील दिव्याची नळी ओट्यावर लावावी लागते. साधी ट्यूबलाइट किंवा एलईडी दिवा हे काम करत नाही. ही नळी दिवसाला दहा-बारा तास चालू ठेवायची आणि साधारण वर्षाने बदलायची. उजेड दिसत राहिला तरी तिच्यातला तो किरण कमी होत जातो.

ऊब देण्यासाठी ओट्यावर एक साधा बल्ब लावा. ओट्यावर ३० ते ३२ अंश आणि पाण्यात २४ ते २८ अंश सेल्सिअस असेल तर कासव खुशीत राहतं. अंदाज नको, थर्मामीटर ठेवा. विजेचं सगळं काम मोठ्या माणसांनीच करायचं. दिवा पाण्यात पडणार नाही असा घट्ट बांधायचा आणि वायर खाली लोंबती ठेवून मग वर न्यायची, म्हणजे पाण्याचा थेंब वायरीवरून प्लगपर्यंत पोचणार नाही. पाण्यात हात घालायच्या आधी बटण बंद!

ताटात काय?

पोळी, भात, दूध, बिस्किट हे कासवाचं अन्न नव्हे. आपल्या बाजारात सुका जवळा सहज मिळतो आणि मुलं तोच मूठभर टाकतात. कधीतरी थोडा चालेल, पण रोज तोच दिला तर बाकीचं काहीच पोटात जात नाही. कासवासाठी मिळणारं गोळी-खाद्य, ताज्या माशाचा छोटा तुकडा, गांडूळ, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर किंवा भोपळा असं आलटून पालटून द्या. लहान कासवाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांतून एकदा. प्रमाण किती? त्याच्या डोक्याएवढं.

आणि कॅल्शियमसाठी आपल्या किनाऱ्यावर एक फुकटची वस्तू मिळते. म्हाकुळाचं पांढरं, हलकं हाड वाळूत पडलेलं असतं ना? तेच समुद्रफेन. चार-पाच दिवस गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून, मग वाळवून एक तुकडा टबात तरंगत ठेवा. कासव हवं तेव्हा कुरतडतं.

डोळे सुजले, पाठ मऊ लागली, पोहताना अंग एका बाजूला कललं किंवा नाकातून बुडबुडे आले, तर घरचं औषध नको. पशुवैद्यांकडे न्या. पाठीला तेल आणि रंग तर अजिबात लावू नका.

आणखी एक. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासवाला त्यांचा त्रास होत नाही, आपल्याला होतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली गेली. तेव्हा कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायचे. त्याचा टब स्वयंपाकघरात धुवायचा नाही. त्याची पापी तर मुळीच घ्यायची नाही!

कंटाळा आला तर?

कासव मोठं झालं, पाणी बदलायचा कंटाळा आला, की काही लोक त्याला गावच्या तळ्यात ‘मोकळं’ सोडतात. वाटतं, पुण्य केलं. पण हे लाल कानाचं कासव जगातल्या सगळ्यांत त्रासदायक शंभर परक्या जिवांच्या यादीत आहे. ते आपल्या कासवांच्या वाट्याचं खाणं खातं, त्यांच्या उन्हाच्या जागा बळकावतं आणि नवे रोग आणतं. युरोपातल्या देशांनी १९९७ सालीच ते आणायला बंदी केली. म्हणून तळ्यात, विहिरीत, खाडीत कुठेही सोडायचं नाही. नीट सांभाळेल असं घर शोधा, नाहीतर प्राण्यांची सुटका करणाऱ्या संस्थेला विचारा.

आपल्या दारातलं कासव

तुम्ही म्हणाल, मग कासव आवडलं तर करायचं काय? अहो, आपल्या दारात केवढा खजिना आहे! नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवं रात्री अंडी घालायला येतात. चाळीस किलोच्या आसपास वजनाची मादी मागच्या पायांनी दीडेक फूट खोल, सुरईसारखा खड्डा खणते, शंभरावर अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. कोल्ही-कुत्री ती उकरतात, माणसंही पूर्वी उकरायची.

बाणकोटच्या खाडीपलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन २००२ साली या अंड्यांची राखण सुरू केली. पुढे वनखातं आणि गावोगावचे कासवमित्र हे काम आपल्या किनाऱ्यावरही करू लागले. अंडी अलगद काढून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. तिथे दिवा नाही, टब नाही, फक्त वाळूची ऊब. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं वर येतात. वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. काय, आहे ना गंमत?

याच वेळासहून जानेवारी २०२२ मध्ये एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवून तिला समुद्रात सोडलं. तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. ती पोहत पोहत पार गुजरातच्या समुद्रापर्यंत गेली. एवढं मोठं तिचं अंगण!

म्हणून वाळूत एखादं पिल्लू दिसलं तर बादलीत घालून घरी आणू नका, फोटोसाठी हातात धरून बसू नका. पिल्लाच्या पोटात अंड्यातल्या बलकाची थोडीशी शिदोरी असते. तेवढ्या बळावर त्याला लाटा कापून खोल पाणी गाठायचं असतं. बादलीत गोल गोल फिरून ती शिदोरी संपली, तर समुद्रात त्याला कोण वाचवणार? विजेरी बंद करा, कुत्र्यांना हाकला, कासवमित्रांना बोलवा आणि बाजूला उभे राहून बघा.

या सुट्टीत दोन कामं करा. ज्यांच्या घरी कासव आहे, त्यांनी पट्टीने त्याची पाठ मोजून, वर सांगितल्याप्रमाणे त्याला किती लिटर पाणी हवं ते काढा आणि आपलं भांडं पुरतं का ते बघा. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी आपल्या गावचा किनारा एकदा झाडून प्लॅस्टिक उचला. दोन्हीकडे तुम्ही कासवाचं घरच नीट करत असाल.