एक इनबॉक्स, पाच माणसं: टीमचा ईमेल नीट कसा वापरायचा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन.)

आजचा विषय ऐकायला जरा रूक्ष आहे, पण थेट पैशांशी संबंधित आहे. ऑफिसचा सामाईक ईमेल. म्हणजे पत्ता एकच, आणि तो उघडणारी माणसं चार-पाच.

मी उलव्यात राहतो, आणि आमच्या भागात हा विषय फार जवळचा आहे. एकीकडे १९८९ पासून चालू असलेलं न्हावा-शेवाचं बंदर, दुसरीकडे डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ, आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतू. साहजिकच कस्टम्स ब्रोकर, फॉरवर्डर, ट्रान्सपोर्टवाले यांची छोटी छोटी ऑफिसं या पट्ट्यात आहेत. यांचं निम्मं काम मेलवर चालतं. शिपिंग लाइनची अरायव्हल नोटीस येते, आयातदाराकडून इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट येते, चेकलिस्टला होकार येतो. यातला एक मेल जरी राहिला तरी काय होतं बघा. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची बिल ऑफ एंट्री साधारणपणे जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार. कंटेनरचे फ्री दिवस संपले तर त्याचं भाडं वेगळंच.

आता बहुतेक छोट्या ऑफिसांत काय करतात? एक जीमेल खातं उघडतात आणि त्याचा पासवर्ड सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतात. सुरुवातीला बरं चालतं. मग एकाने मेल उघडला की तो सगळ्यांसाठी 'वाचलेला' दिसायला लागतो. उघडणाऱ्याला वाटतं, संध्याकाळी बघू. बाकीच्यांना वाटतं, कोणीतरी बघितलंय. नाहीतर उलटं होतं, दोघं एकाच ग्राहकाला दोन वेगळे दर कळवतात. उत्तर कोणी दिलं ते नंतर शोधता येत नाही. ओटीपी एकाच्या फोनवर येतो, आणि तो नेमका गावाला गेलेला असतो. कोणी नोकरी सोडली तर पासवर्ड त्याच्या डोक्यात तसाच राहतो.

म्हणून पहिलं काम हे की पासवर्ड वाटणं बंद करायचं. याला सोपे पर्याय आहेत.

जीमेलमध्ये 'डेलिगेशन' नावाची सोय आहे. साध्या खात्यावर दहा जणांपर्यंत प्रवेश देता येतो. प्रत्येक जण स्वतःच्या खात्यातून शिरतो, सामाईक मेल वाचतो, उत्तर देतो, पण पासवर्ड बदलू शकत नाही. माणूस सोडून गेला की त्याचं नाव काढायचं, काम झालं. दोन-तीन जणांच्या ऑफिसला एवढं पुरतं.

माणसं जास्त असतील तर गूगल ग्रुप्समधला 'कोलॅबोरेटिव्ह इनबॉक्स' बघा. इथे प्रत्येक मेल एखाद्याच्या नावावर टाकता येतो आणि काम झालं की 'पूर्ण' अशी खूण करता येते. ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो, आणि संभाषणांचा इतिहास साठवण्याचा पर्यायही चालू लागतो. एक लक्षात ठेवा, नाव लावणं आणि खूण करणं हे ग्रुप्सच्या पानावरून होतं. रोजच्या जीमेलच्या खिडकीत ती बटणं दिसत नाहीत. म्हणून बरेच जण ते चालू करतात आणि मग 'काही फरक नाही' म्हणून सोडून देतात.

मायक्रोसॉफ्ट वापरणाऱ्यांसाठी 'शेअर्ड मेलबॉक्स' आहे. ५० जीबीपर्यंत त्या पेटीला वेगळं लायसन्स लागत नाही, उघडणाऱ्या माणसांना मात्र लागतं. इथे एक खाच आहे. सामाईक पत्त्यावरून पाठवलेलं उत्तर मुळात पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या 'सेंट'मध्ये जाऊन बसतं, इतरांना दिसत नाही. त्याची प्रत सामाईक पेटीतही राहावी अशी सेटिंग ॲडमिनकडून करून घ्या.

पण साधन घेतलं म्हणजे शिस्त आपोआप येत नाही. ती शिस्त आपल्याकडे जुनीच आहे. सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवही असते ना? पत्र आलं की क्रमांक पडतो, तारीख पडते, कोणाकडे दिलं ते लिहिलं जातं. सामाईक इनबॉक्स म्हणजे तीच वही. फक्त 'कोणाकडे दिलं' हा रकाना आपण रिकामा सोडतो.

तो भरायचा कसा? सकाळी एकाने वाटपाची पाळी घ्यायची, आणि ही पाळी आठवड्याला बदलायची. त्याने उत्तरं द्यायची नाहीत, फक्त प्रत्येक मेलला एक नाव लावायचं. एकच नाव. दोन नावं लावली की जबाबदारी परत कोणाचीच राहत नाही.

लेबलं माणसांच्या नावाने करू नका, कामाच्या अवस्थेने करा: 'कागद बाकी', 'ग्राहकाच्या होकाराची वाट', 'भरून झालं'. विषयाच्या ओळीत बिल ऑफ लेडिंगचा किंवा कंटेनरचा नंबर आलाच पाहिजे, म्हणजे सहा महिन्यांनी शोधलं तरी सापडतं. शिपिंग लाइनच्या नोटिसांना फिल्टर लावून वेगळं लेबल द्या, जाहिरातींच्या गर्दीत त्या बुडायला नकोत. रोज तेच ते लिहावं लागत असेल, उदाहरणार्थ 'खालील कागद पाठवा', तर जीमेलच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन टेम्प्लेट चालू करा. आणि उत्तराखाली स्वतःचं नाव लिहा. 'टीम' अशी सही केली की समोरच्याला फोन कोणाला करायचा तेच कळत नाही.

संध्याकाळी निघण्यापूर्वी दहा मिनिटं फक्त उघडे राहिलेले मेल बघायचे. उद्या रजा असेल तर आपल्या नावावरचे दुसऱ्याच्या नावावर करून जायचं, आणि त्याला तोंडी सांगायचं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. 'आमचं बँक खातं बदललंय, यापुढे पैसे इथे भरा' असा मेल आला तर थांबा. ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने, एखाद्या अक्षराचा फरक असलेल्या पत्त्यावरून असे फसवे मेल येतात. सामाईक पेटीत हा धोका जास्त, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने खात्री केली असेल. नियम असा ठेवा: आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय खातं बदलायचं नाही. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर तर अजिबात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवली जाण्याची शक्यता जास्त.

हे सगळं एका दिवसात करायला जाऊ नका. या आठवड्यात फक्त दोन गोष्टी करा. पासवर्ड बदला, आणि प्रत्येक मेलला एक नाव लावायला सुरुवात करा. बाकीचं हळूहळू बसेल.

तुमच्या ऑफिसात, दुकानात किंवा सोसायटीच्या कमिटीत हे कसं चालतं ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.