आजीला खाटेवर ठेवू नका



आजी मोरीत घसरते, पाय टेकवत नाही. घरचे तेल लावून चोळतात, हाडवैद्याला बोलावतात. महिना उलटला की म्हणतात, "वय झालं." पण नुसत्या वयाने कोणी एका दिवसात खाटेला खिळत नाही. बऱ्याचदा खुब्यापाशी मांडीचे हाड मोडलेले असते आणि ते कोणी तपासलेलेच नसते.

ओळखायचे कसे? पडल्यावर उभे राहता येत नाही, जांघेत दुखते, तो पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळते. म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात, म्हणून साध्या पडण्यानेही मोडतात. तरुणाचे हे हाड मोठ्या मारानेच मोडते. आपल्या जिल्ह्यात उसाच्या हंगामात अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळते, तेव्हा मांडी सुजून वाकडी होते. बाहेर जखम नसली तरी आत लिटरभर किंवा जास्तही रक्त जाऊ शकते. अंग गार पडून घाम सुटला तर जिवाला धोका आहे.

अशा वेळी पाय ओढू नका, चोळू नका. १०८ ला फोन करा. दुखरा पाय आहे तसाच ठेवून चांगला पाय त्याच्याजवळ आणा, मध्ये चादरीची घडी ठेवा आणि ओढण्यांनी बांधा. फार आवळू नका. चहा-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

दवाखान्यात खुब्यापासून गुडघ्यापर्यंत एक्स-रे काढतात. खुब्याची बारीक चीर त्यात कधी कधी दिसत नाही. "काही नाही" असे सांगितले, तरी उभे राहता येत नसेल तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागेल का, हे विचारा.

हाड मधोमध मोडले तर त्याच्या पोकळीत सळई घालून स्क्रूने पक्की करतात. जर्मनीच्या डॉ. कुंट्शर यांनी १९४० च्या सुमारास ही पद्धत पुढे आणली. एरवी पायाला वजन बांधून आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. खुब्यापाशी मोडले तर स्क्रू-सळई बसवतात किंवा हाडाचा गोळा बदलतात. म्हाताऱ्या माणसाचे हे ऑपरेशन शक्यतो ४८ तासांत व्हावे. पडून राहिले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. जीव जातो तो बहुधा यामुळे. म्हणून ऑपरेशननंतर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करतात. मायेपोटी पुन्हा झोपवू नका.

पैशासाठी थांबू नका. रेशन कार्ड व आधार घेऊन अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यात जा. तेथे आरोग्यमित्र बसतो. ऑपरेशन योजनेत बसते का, हे आधी त्यालाच विचारा. ही भीक नव्हे, आपला हक्क आहे.

आजारी भिक्खूची सेवा तथागतांनी स्वतःच्या हाताने केली. आपल्या आजीची सेवा म्हणजे तिला पुन्हा पायावर उभे करणे.