मालकी रान: कोकणातील खासगी जंगलांचा मागोवा

महाराष्ट्रात जंगल म्हटले की वनखात्याचे जंगल डोळ्यांसमोर येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मात्र या समजुतीला ठळक अपवाद आहेत, कारण येथील डोंगरउतारांवरचे बहुतेक वृक्षाच्छादन सातबारावर खासगी व्यक्तींच्या नावे आहे आणि सरकारी वनक्षेत्र त्या मानाने नगण्य आहे. ठाणे जिल्ह्यात इंग्रजी अमलात विस्तीर्ण राखीव जंगले आखली गेली, तसे दक्षिण कोकणात घडले नाही. गावाचा सारा वसूल करणाऱ्या वंशपरंपरागत खोतांच्या ताब्यात बरेचसे रान राहिले. 1949 च्या कायद्याने खोती संपली, 1 एप्रिल 1957 या ‘कृषक दिना’पासून कसणारी कुळे मालक मानली गेली, आणि खोताचे एकसंध रान अनेक कुटुंबांच्या लहान लहान तुकड्यांत वाटले गेले.

हे रान शेतीपासून वेगळे कधीच नव्हते. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपे, ज्या वाफ्यात तयार करायची तो वाफा उन्हाळ्यात भाजावा लागे. त्यासाठी ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या हिवाळ्यात छाटून वाळवायच्या आणि शेण, पालापाचोळा, गवत यांच्याबरोबर थरांनी पसरून पेटवायच्या, या पद्धतीला राब म्हणतात. उतारावरच्या वरकस जमिनीत, म्हणजे भाताला न चालणाऱ्या हलक्या जमिनीत, नाचणी-वरी घेतली जाई आणि काही वर्षांनी ती पड टाकली की तिथे पुन्हा झाडोरा माजे. जळाऊ लाकूड आणि कोळसा मुंबईला जाई. खैराच्या गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळून, तो काढा आटवून कात काढण्याचा उद्योगही याच रानावर पोसला गेला. कातकरी जमातीचे नाव या धंद्यावरूनच पडले. मालकी मात्र तिच्या वाट्याला क्वचितच आली, आणि खासगी जंगलांच्या चर्चेत ही बाब सहसा वगळली जाते.

रान विकणे या शब्दप्रयोगाचा अर्थ जमीन विकणे असा नव्हता. उभी झाडे ठेकेदाराला देणे आणि खोडे राखणे हा तो व्यवहार होता. ऐन किंवा किंजळ तोडल्यावर बुंध्यातून अनेक फुटवे येतात. तोड जमिनीलगत असावी, काप तिरका असावा म्हणजे पावसाचे पाणी वर साचून बुंधा कुजत नाही, पुढच्या वर्षांत जोमदार दोन-तीन फुटवे ठेवून बाकीचे काढावेत, आणि कोवळी पालवी गुरांच्या तोंडी लागणार नाही व वणव्यात सापडणार नाही एवढी राखण व्हावी, इतकेच या व्यवस्थापनाचे शास्त्र होते. दोन तोडींमधील अंतर पुरेसे लांब असले की त्याच बुंध्यांवर पुन्हा रान उभे राहत असे; अंतर आखडले की बुंधे दमतात आणि त्यांची जागा झुडपे घेतात.

शासनाचे लक्ष या चक्रातील एकाच टप्प्यावर, म्हणजे तोडीवर, राहिले. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाने साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ यांसारखी अनुसूचित झाडे परवानगीशिवाय तोडण्यास मनाई केली. फुटव्यांचे पुढे काय झाले हे विचारण्याची तशीच नेटाची व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. यानंतरचा 1975 चा खासगी वने संपादन अधिनियम अधिक दूरगामी ठरला. 30 ऑगस्ट 1975 पासून खासगी वने शासनाकडे निहित झाली, म्हणजे त्यांची मालकी कायद्यानेच शासनाकडे गेली, आणि 1927 च्या भारतीय वन अधिनियमातील कलम 35 खाली नोटीस निघालेल्या जमिनीही ‘खासगी वन’ या व्याख्येत आल्या. ज्यांची एकूण धारणा संपादनानंतर 12 हेक्टरांहून कमी उरत होती, त्यांना त्या मर्यादेपर्यंत जमीन परत देण्याची तरतूद पुढे झाली. नुसती नोटीस निघणे पुरेसे नाही, ती मालकावर बजावली गेली असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज प्रकरणात जानेवारी 2014 मध्ये सांगितले. हा वाद मुंबईच्या उपनगरांतला होता, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत जवळजवळ चार दशके गेली होती. या काळात अनेक मालकांनी आपल्यापुरता एक सोपा निष्कर्ष काढला: झाड दाट झाले की जमीन हातची जाते. संरक्षणासाठी केलेल्या कायद्याने राखणाऱ्यालाच धास्ती घातली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

1990 च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. आंबा-काजूच्या लागवडीला अनुदान मिळू लागले, आणि मिश्र रानापेक्षा कलमांची बाग कागदावरही सुरक्षित व उत्पन्नातही ठळक दिसू लागली. पुढे गॅस आल्याने घरच्या सरपणाची गरज घटली, वरकस शेती मागे पडली आणि तरुण मुंबईला गेले. मात्र मागणी मेली नाही. ती भट्ट्यांकडे आणि कारखान्यांकडे वळली. रान विकण्याचा जुना व्यवहार चालू राहिला, पण फुटवे राखणारा घरात उरला नाही. दूरच्या मालकाला तोडीची रक्कम कळते. रानात वणवा लागल्याचे त्याला उशिरा कळते, कधी कळतही नाही.

पश्चिम घाटाविषयीचा माधव गाडगीळ समितीचा 2011 चा आणि कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा अहवाल यांवरचा वाद बहुधा खाणी आणि बांधकामे यांभोवती फिरला. खासगी रानाचा लहान मालक त्यात कडेलाच राहिला. त्याला जंगल उभे ठेवण्याबद्दल थेट मोबदला देण्याचे प्रयत्न मोजकेच आहेत. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर परिसरात मालकांशी केलेले संवर्धन करार त्यांत महत्त्वाचे आहेत: ठरावीक मुदतीत तोड न करण्याच्या बदल्यात मालकाला आर्थिक लाभ, असे त्यांचे स्वरूप आहे. अशा करारांची मुख्य अडचण पैशांपेक्षा सातबाराची आहे. खातेफोड, म्हणजे सामाईक जमिनीची वारसांत रीतसर वाटणी, पिढ्यान्‌पिढ्या झालेली नसते. काही सहहिस्सेदार मुंबईत, काही परदेशात, काहींचा ठावठिकाणाच नाही. तोडीसाठी ठेकेदार या सर्वांच्या सह्या चिकाटीने गोळा करतो, कारण त्याचा नफा हंगामात वसूल होतो. राखण्याच्या करारासाठी तीच यातायात करावी लागते, पण तिच्यामागे तसा नफा उभा नसतो.