नातवंडं आजीची, जबाबदारी सरकारचीही

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावसारख्या कपाशीच्या तालुक्यात आई-बापाचं छत्र हरपलेलं मूल बहुधा आजीकडे जातं, नाहीतर मामा-काकाकडे. बालगृहाची पायरी चढायची वेळ त्यातल्या थोड्यांवरच येते. नातलगांच्या या मायेवर सरकारनं फार वर्षं फुकटात भिस्त ठेवली. महाराष्ट्रात २००५ पासून बालसंगोपन योजना आहे. अनाथ मुलं, एकल पालकांची मुलं, ज्यांचे आई-बाप तुरुंगात आहेत किंवा दुर्धर आजारानं अंथरुणाला खिळले आहेत अशी मुलं संस्थेत न जाता घरातच वाढावीत, म्हणून मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत सांभाळणाऱ्याला दरमहा अनुदान मिळतं. ही रक्कम बराच काळ ४२५ रुपये होती, म्हणजे दिवसाला साधारण चौदा रुपये. पुढे ती ११०० झाली आणि २०२३ मध्ये २२५०. त्याच वर्षी योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. वाढ चांगलीच आहे, पण तरी दिवसाला पंचाहत्तरच रुपये पडतात. त्यात वह्या, चपला, दवाखाना आणि दोन वेळचं जेवण बसवायचं.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की नातवंडाला सांभाळण्याचे पैसे कसले मागायचे? ते तर कर्तव्यच. कर्तव्य आहे हे खरं, पण कर्तव्याच्या भावनेनं किराणा येत नाही. वेचणीच्या हंगामात किलोवर मजुरी घेणाऱ्या आजीला मूल आजारी पडलं की घरी बसावं लागतं; त्या दिवशी मजुरी बुडते आणि डॉक्टरची फीही द्यावी लागते. तेच मूल बालगृहात ठेवलं तर इमारत, स्वयंपाकी, अधीक्षक, काळजीवाहक असा सगळा भार सरकार उचलतंच. मग घरी सांभाळणाऱ्या नातलगानं तो एकट्यानं का उचलावा? २०१५ चा बालन्याय कायदा संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो. केवळ गरिबीपायी मुलाला घरापासून तोडू नये, असं संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्ये मिलर विरुद्ध युआकिम खटल्यात हाच प्रश्न सोडवला: सरकारनं ताब्यात घेतलेलं मूल नातलगाकडे सोपवलं असेल, तर परक्या पालनकर्त्याला मिळणारी मदत केवळ नात्यापायी त्याला नाकारता येणार नाही.

पैशाच्या लोभानं कोणी मूल ठेवून घेईल, ही भीती मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. तिच्यासाठीच गृहचौकशी आहे, बालकल्याण समितीचा आदेश आहे. समाजकार्यकर्त्यानं मधूनमधून घरी जाऊन मूल शाळेत जातं का, पोटभर जेवतं का, हे पाहिलं पाहिजे. तपासणी कडक असावी. पण ती मुलाच्या सुखाची असावी, कागदांचीच नसावी. आज अर्जाला मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड लागतो. घरासमोर मुलांसह उभं राहून काढलेला फोटोसुद्धा लागतो. उत्पन्नाचा दाखला धरणगावच्या तहसीलमध्ये मिळेल, पण महिला व बालविकासाचं जिल्हा कार्यालय जळगावला. प्रत्येक फेरीला एक मजुरी जाते. आणि आदेश झाल्यावरही अनुदान महिनोन् महिने थकतं, ही राज्यभरातली जुनी तक्रार आहे. रक्कम वाढवण्याइतकंच ती दरमहा वेळेवर खात्यात पडणंही गरजेचं आहे.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये नातलगांकडे राहणाऱ्या अनाथ मुलाला दरमहा ४००० रुपयांचं प्रायोजकत्व मिळू शकतं. त्याला अट आहे: ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला सहा हजार. घरात कमावते हात दोन असले तर कष्टकरी कुटुंबही या रेषेबाहेर फेकलं जातं. एकाच गल्लीतल्या दोन पोरक्या मुलांपैकी एकाला ४००० आणि दुसऱ्याला २२५० मिळावेत, याचं समर्थन मला करता येत नाही. दोघांच्या पोटाची भूक सारखीच. राज्यानं आपली रक्कम ४००० वर आणावी आणि अर्ज तालुक्यातच, अंगणवाडी सेविकेच्या मदतीनं घ्यावेत.

तोवर आपल्या हाती एक काम आहे. गल्लीत किंवा वर्गात आजी-मामांकडे वाढणारं मूल असेल, तर त्या घराला या योजनांबद्दल सांगा, कागद गोळा करायला मदत करा. काही अडलं तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे.