सातमाशा बाळाची ऊब

'सातमाशा' हा शब्द तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल. दिवस पुरे होण्याआधी, सातव्या महिन्यातच जन्मलेले मूल म्हणजे सातमाशा. असे मूल रुग्णालयात 'पेटीत ठेवले आहे', असेही आपण ऐकतो. ही पेटी करते तरी काय? तिचे पहिले काम एकच, बाळाला ऊब देणे. नुसत्या उबेने जीव वाचतो हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पण त्यामागचे गणित तुमच्या भूमितीच्या पुस्तकातच आहे.

10 सेंमी. बाजू असलेला एक घन घ्या. तो पाण्याचा असेल तर त्याचे वजन 1 किलो भरेल आणि सहा पृष्ठांचे मिळून क्षेत्रफळ 600 चौ. सेंमी. होईल. आता 30 सेंमी. बाजूचा घन घ्या. वजन 27 किलो, क्षेत्रफळ 5,400 चौ. सेंमी.; म्हणजे किलोमागे फक्त 200 चौ. सेंमी. शरीरात उष्णता तयार होते ती पेशींत, आणि बाहेर जाते ती कातडीतून. माणूस काही घनाकृती नसतो. तरी एक किलोच्या बाळाला 27 किलोच्या शाळकरी मुलाच्या मानाने किलोमागे जवळजवळ तिप्पट कातडी असते. तितक्याच वेगाने त्याची उष्णता निघून जाते. पटत नसेल तर एक मोठा व एक लहान बटाटा एकाच भांड्यात उकडा, बाहेर काढून ठेवा आणि पंधरा मिनिटांनी दोन्ही फोडून पाहा.

त्यात बाळ जन्मते ते ओलेचिंब. कातडीवरचे 1 ग्रॅम पाणी वाफ होऊन जायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. ही सगळी उष्णता एक किलोच्या बाळाच्या अंगातून गेली, तर त्याचे तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने उतरेल. आणि हे एका ग्रॅमने! जन्मल्याबरोबर बाळाला कोरडे पुसण्याची घाई का करतात, हे आता ध्यानात येईल.

थंडी वाजली की आपण कुडकुडतो. स्नायूंच्या त्या हालचालीतून उष्णता निर्माण होते. नवजात बाळाला असे कुडकुडता येत नाही. त्याच्याजवळ वेगळी सोय असते. मानेमागे, खांद्याच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती एक तपकिरी चरबी असते. ती जाळून ते ऊब मिळवते. पण या चरबीचा बराचसा साठा गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत होतो. सातमाशा बाळ त्याआधीच बाहेर आलेले! शिवाय चरबी जाळायला प्राणवायू लागतो आणि त्याची फुप्फुसे कच्ची असतात. रक्तातली साखरही झपाट्याने संपते. गारठलेले बाळ दगावते ते अशा साखळीने.

यावर पेटीचा उपाय सुचला, त्यात कोंबड्यांचा मोठा वाटा आहे. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निये यांनी तिथल्या प्राणिबागेत अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले. तसेच यंत्र त्यांनी बाळांसाठी करवून घेतले आणि 1880 साली आपल्या रुग्णालयात बसवले. दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचे मृत्यूचे प्रमाण तेथे शेकडा 66 वरून 38 वर आले. पुढे 1958 मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन यांनी दाखवले, की पेटीतली हवा 29 ऐवजी सुमारे 32 अंशांवर ठेवली तर शंभरांतली आणखी पंधरा बाळे जगतात. फरक अवघा तीन अंशांचा!

मग पेट्याच पुरेशा नसतील तर? कोलंबियातील बोगोटा शहरात 1978 च्या सुमारास हीच अडचण होती. एकेका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. तेव्हा डॉ. एडगार रेय यांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असे उभे बांधायला सांगितले. कांगारूचे पिल्लू पिशवीत असते तसे. आईच्या अंगाची ऊब, हाताशी दूध, आणि वीज गेली तरी बंद न पडणारी पेटी!

पुष्कळ वर्षे या पद्धतीचा एक नियम होता: आधी बाळाची प्रकृती स्थिरावू द्यायची, मगच आईजवळ द्यायचे. नियम शहाणपणाचा वाटतो. पण अशा बाळांचे बरेचसे मृत्यू त्या आधीच्या दिवसांतच होतात! म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील पाच रुग्णालयांत 1 ते 1.8 किलो वजनाच्या 3,211 बाळांवर प्रयोग केला. निम्म्यांना जुन्या नियमाने वागवले. उरलेल्यांना जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी दिले आणि तिची खाटच नवजात कक्षात मांडली. पहिल्या गटातली बाळे त्या कक्षात असताना दिवसाकाठी दीड तास छातीशी राहिली, दुसऱ्यातली सुमारे सतरा तास. अठ्ठावीस दिवसांत पहिल्या गटातली शेकडा 15.7 बाळे दगावली, दुसऱ्यातली 12. म्हणजे दर 27 बाळांमागे एक जास्त वाचले. दुसऱ्या गटात जंतुसंसर्गही कमी आढळला. फरक इतका स्पष्ट होता, की प्रयोग ठरल्या वेळेआधीच थांबवावा लागला. निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले.

ज्या बाळाला स्वतःहून श्वासच घेता येत नाही, त्याला मात्र आधी यंत्राचीच मदत लागते. अशी बाळे या प्रयोगात घेतली नव्हती. इतरांसाठी 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे, की जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरुवात करावी आणि दिवसातून आठ ते चोवीस तास बाळ छातीशी ठेवावे. आई अंघोळीला किंवा जेवायला गेली, तर तेवढा वेळ बाबा, आजी किंवा मावशी यांची छातीही चालते.