भूत काढण्याचा अधिकार कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आजच्या ख्रिस्ती माणसाला भूत काढण्याचा अधिकार आहे का? पुष्कळजण मार्क 16:17 पुढे करतात. पण सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत तो भागच नाही. लूकच्या 10व्या अध्यायात शिष्यांना अधिकार मिळतो खरा, पण त्याचा आनंद मानू नका, असं येशू लगेच बजावतो. प्रेषितांची कृत्ये 19 बघा. स्किवाच्या मुलांनी येशूचं नाव मंत्रासारखं वापरलं. त्यांना मार खाऊन पळावं लागलं. म्हणजे अधिकार येशूचा, आपण फक्त विनंती करायची. 1976 मध्ये जर्मनीत 67 विधींनंतर एक तरुणी उपासमारीनं गेली. प्रार्थना जरूर करा, पण डॉक्टरांना सोडून नव्हे.